भोवरा बसतो तेव्हा

प्रिय छोट्या,

तुझ्या घरापासून माझं दुकान चालत दहा मिनिटांवर, आणि तरी मी तुला पत्र लिहितेय म्हणजे ताईचं डोकं फिरलं असं तुला वाटेल. वाटू दे. फोनवर तू मला मध्येच तोडतोस आणि समोर बसलास की मी खोटं बोलते. कागदावर तुला तोडता येणार नाही, आणि खोटं लिहायला मला शाळेपासून जमलेलं नाही. पत्र एकट्याने वाच. बायकोसमोर नको, कारखान्यात तर मुळीच नको. गोदामाच्या आगीची चौकशी परवा शुक्रवारी संपणार आणि पहारेकरी काका चूक आपली होती असं लिहून सही करणार, हे तुला माझ्याआधी कळलेलं असणार. मला ते सोमवारी कळलं, तेही त्यांच्याच तोंडून.

आधी भोवऱ्याचं सांगते. तू त्याला नेहमी ‘तुझं ते येडं कुत्रं’ म्हणतोस, म्हणून तुला तो नीट माहीतच नाही. दलात त्याला सांभाळणारे एक बंबवाले अडीच महिन्यांपूर्वी त्याला घेऊन आले तेव्हा तू दुकानात होतास. त्यांचे गणवेश मी बारा वर्षं शिवतेय, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. कुत्र्याचा मागचा गुडघा कामातून गेला म्हणून अग्निशमन दलाने त्याला घरी बसवलं, आणि त्यांच्या नव्या क्वार्टरमध्ये कुत्रा चालत नव्हता. मी विचारलं, काम काय करायचा हा? ते म्हणाले, आगीच्या जागी शोधाशोध. मी मनात म्हटलं, अडकलेली माणसं शोधत असेल बिचारा, आणि विषय सोडून दिला. तू तर त्याच्याकडे बघून हसलास, हा कसला बंबवाला, हा तर कान लोंबणारा नवरदेव. तेवढ्यात त्याने तुझी टोपी पळवली आणि तूच दुकानभर त्याच्यामागे धावलास.

ही जात स्प्रिंगर स्पॅनिअल. तपकिरी-पांढरी, मध्यम चणीची, कान गालांच्या खाली लोंबणारे, पायांना लांब केसांची झालर. शिकारी लोकांनी पूर्वापार पाळलेली. झुडपात दडलेलं पाखरू हुसकून वर उडवायचं, एवढंच हिचं काम. पकडायचं नाही, फाडायचं नाही. पाखरू उडालं की पुढचं माणसाने बघायचं. हे सगळं मला बंबवाल्यांनी सांगितलं, पण खरं शिक्षण त्याने स्वतःच दिलं. सरळ चालणं त्याला माहीतच नाही. दारापासून मशीनपर्यंत, मशीनपासून कपाटापर्यंत, तिथून ट्रायलच्या पडद्याखालून परत, असा नागमोडी जातो आणि प्रत्येक वळणावर मागे वळून मी आहे ना ते बघतो. म्हणून नाव भोवरा. आंघोळीनंतर कानांच्या आत पुसावं लागतं, नाहीतर आठवडाभर डोकं झटकत बसतो. संध्याकाळी मी त्याच्या पायांच्या झालरीतून रंगीबेरंगी दोरे वेचते, दिवसभराची सगळी शिलाई तिथे सापडते. आणि तोंड इतकं हलकं की एकदा स्वयंपाकघरातलं अंडं उचलून जिन्याने खाली आणलं आणि माझ्या पायाशी ठेवलं. तडासुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र तो करत नसे. बसत नसे. खाताना उभा, केस विंचरताना उभा, झोपायचा तेव्हा धाडकन आडवा. गिऱ्हाइकं मला चिडवायची, बाई, तुम्ही माणसांना मापात बसवता, या कुत्र्याला बसवून दाखवा. मी बिस्किट दाखवून, दटावून, मागून दाबून सगळं करून पाहिलं. त्याने माझ्या नाकी नऊ आणले. ते मी तुलाही सांगितलं होतं आणि तू म्हणालास, तुझ्यावरच गेलाय.

पहिल्यांदा तो बसला त्या रविवारी. आगीच्या. कारखान्याला सुट्टी, मी दुकानात शाळेचे गणवेश उरकत होते, संध्याकाळी सहाच्या सुमाराला बंबांचा आवाज ऐकला आणि गच्चीवर जाऊन पाहिलं तर तुमच्या गोदामावर काळा धूर. सुट्टी आहे, तू घरी असशील, असं स्वतःला समजावत खाली आले तर तू दारात. कडाक्याची थंडी, अंगात नुसता शर्ट. म्हणालास, घरी झोपलो होतो, धूर दिसला म्हणून निघालो, लांबूनच पाहिलं, जवळ गेलोच नाही. मग माझ्या मोरीवर बराच वेळ हात धूत राहिलास. दोनदा साबण लावलास. भोवरा तुझ्यामागे मोरीपर्यंत आला आणि तुझ्या पायांसमोर बसला. ताठ, न हलता, नाक तुझ्या पँटच्या काठावर रोखून. शेपूटसुद्धा हलत नव्हती. मला भरून आलं. मी तुला म्हटलं, बघ रे, मुक्या जिवालाही कळलं तू घाबरलायस. तू त्याच्या डोक्यावरून हात फिरवायलासुद्धा थांबला नाहीस.

दुसऱ्या दिवशी कळलं की काका आत होते. त्यांची सुट्टी रविवारी असते, पण त्यांनी ती दुसऱ्या पहारेकऱ्याशी बदलून घेतली होती. आग दिसल्यावर ते बाहेर पळाले नाहीत. चहाच्या शेगडीचा सिलिंडर भिंतीपलीकडच्या घरांच्या बाजूला होता, तो त्यांनी ओढत अंगणात आणला. लोखंड तापलेलं होतं. दोन्ही तळवे गेले. आणि ज्याने सिलिंडर बाहेर काढला त्यालाच सगळे विचारू लागले, शेगडी बंद केली होती का? म्हाताऱ्या माणसाला चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, शेगडीचं काय आठवणार. झालं, शेगडीवर शिक्का बसला.

त्या बुधवारी तुझी बायको पिशवी देऊन गेली. तुझं ते कॉलरचं तपकिरी जाकीट, चेन तुटलेली. म्हणाली, कपाटाच्या मागे पडलं होतं, हिवाळा चालू आहे आणि हा माणूस शर्टावर हिंडतोय, तेवढी चेन बदलून द्या. प्लास्टिकच्या पिशवीला तिने दोन गाठी मारल्या होत्या, सायकलवरून पडू नये म्हणून. मी पिशवी सोडली, जाकीट दांडीवर अडकवलं आणि भोवरा मशीनखालून उठून आला, एक चक्कर मारली, दुसरी अर्ध्यात सोडली आणि त्याच्याखाली बसला. दांडीवर तीस-चाळीस कपडे होते. मी जाकीट दुसऱ्या टोकाला नेलं, तो तिथे जाऊन बसला. मला इतका आनंद झाला की मी तुला लगेच फोन लावला. हसत होते मी. म्हटलं, छोट्या, अरे हा फक्त तुझ्याच जाकिटापुढे बसतो, याचा जीव जडलाय तुझ्यावर. मला वाटलं फोन कटला. मग तू विचारलंस, जाकीट तुझ्याकडे कसं आलं? मी सांगितलं. तू म्हणालास, चेन राहू दे, आधी धुऊन टाक, गरम पाण्यात, आजच.

छोट्या, मी गिऱ्हाइकाचा कपडा कधी धूत नाही. बाबांनी मला शिवण शिकवताना सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं, कपडा जसा आला तसा ठेवायचा, डाग त्याचा, सुरकुती त्याची, आपण फक्त उसवलेलं बघायचं. तुलाही ते पाठ आहे, तू लहानपणी याच दुकानात बटणं वेचत वाढलास. म्हणून तुझं ते वाक्य मला टोचलं. पण हात कामात होते, मी जाकीट पिशवीत घातलं, गाठी मारल्या आणि आतल्या लोखंडी कपाटात ठेवलं. का, ते तेव्हा मला विचारलं असतंस तर सांगता आलं नसतं. भोवरा कपाटासमोर जाऊन बसला. मी सगळ्यांना सांगत सुटले, अखेर कुत्रं बसायला शिकलं, मीच शिकवलं.

त्यानंतर चार दिवसांनी काका आले. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. त्यांची बायको शर्ट घेऊन आली होती, तिचीही बोटं सांध्यांनी वाकडी झालेली, तिला यांची बटणं लावता येत नाहीत. त्यांना बटणांच्या जागी दाबली की चिकटणारी, ओढली की सुटणारी चिकटपट्टी हवी होती. मी त्यांना खुर्ची दिली ती नेमकी कपाटाजवळ. मी माप घेत होते आणि भोवरा त्यांच्या गुडघ्याला घासून पुढे जाऊन कपाटासमोर बसला. काकांनी मनगटाच्या मागच्या बाजूने त्याची पाठ खाजवली आणि म्हणाले, बाई, कुत्रं मोठं शहाणं आहे हो, बघा कसं एका जागी बसलंय, माझ्यासारखं पहाऱ्याला. ते हसले, त्यांची बायको हसली, मीही हसले. आठ शर्टांची बटणं मी त्या दिवशी काढली. तुझी चौकशी केली त्यांनी. म्हणाले, धाकट्या साहेबांना सांगा, माझ्यामुळे त्यांच्या खुर्च्या जळाल्या, मला वाईट वाटतं.

पुढच्या आठवड्यात बंबवाले भोवऱ्याला भेटायला आले, त्याचा जुना रबरी चेंडू घेऊन. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, तुम्हाला जमलं नाही ते मी केलं, हा आता बसतो. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. विचारलं, कुठे बसतो? कशासमोर? मी हात वर करून कपाट दाखवणार होते, छोट्या. हात अर्धा वर गेलाही होता. काय वाटलं कोण जाणे, मी तो दाराकडे वळवला आणि म्हटलं, असाच, दारात, बिस्किट दाखवलं की. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी सांगितलं की भोवऱ्याने सात वर्षं फक्त एक काम केलं. आग लागून गेलेल्या जागी राखेतून, फर्निचरमधून, माणसांच्या कपड्यांतून पेट्रोल नि रॉकेल शोधायचं. आग लागली की लावली, ते याच्या नाकावरून ठरायचं. सापडलं की भुंकायचं नाही, उकरायचं नाही, पुरावा बिघडतो. गप बसायचं आणि रोखून बघायचं. मग त्याला चेंडू मिळतो, तो त्याचा पगार. एरवी हा बसतच नाही, म्हणाले, म्हणून तर मी दचकलो. जाता जाता सांगून गेले की याच्या जागी दुसरा कुत्रा अजून आलेला नाही, तुमच्या भावाच्या कारखान्यातही नुसत्या अंदाजाने शेगडी ठरवली, हा नोकरीत असता तर अर्ध्या तासात कळलं असतं. चेंडू माझ्या टेबलावर ठेवून गेले.

त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं. तुझ्यासाठी उत्तरं शोधत बसले. फर्निचरचा कारखाना आहे, पॉलिश, व्हार्निश, थिनर, कशाचाही वास लागला असेल. मग तूच दिलेली व्हार्निशची उरलेली बाटली काढली. चार चिंध्या घेतल्या. एकीवर व्हार्निश, एकीवर मशीनचं तेल, एकीवर डाग काढायचं स्पिरिट. चौथी शेजारच्या गॅरेजवाल्याकडून पेट्रोलमध्ये बुडवून आणली, त्याला म्हटलं डिंकाचा डाग काढायचाय. चार डब्यांत घालून चार कोपऱ्यांत ठेवल्या. भोवरा पहिल्या तिघांवरून असा गेला जसा तू माझ्या फोनवरून जातोस. चौथ्यासमोर बसला. मी त्याला चेंडू दिला. त्याला इतकं वेडं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, मागचा दुखरा पाय विसरून उड्या मारत होता. तुला सायकलशिवाय काही चालवता येत नाही. सायकलवाल्याच्या जाकिटाला पेट्रोल कुठून, याचीही मी सात-आठ उत्तरं शोधली. एकही तुझ्या त्या गरम पाण्यापुढे टिकेना.

दुसऱ्या दिवशी तू आलास. चेन झाली का विचारत, पण बघत होतास दांडीकडे. मी म्हटलं, धुतलं बाबा, दोनदा धुतलं, चेनचा रंग जुळत नाही म्हणून अडलंय. ते खोटं होतं. तुझे खांदे खाली आले ते मी पाहिले. चहा मागितलास, बिस्किटं खाल्लीस, पोरीच्या शाळेतली गंमत सांगितलीस. आणि आपण दोघं चहा पीत असताना तो आपल्या मधून जाऊन कपाटासमोर बसला. तू कप खाली ठेवलास. मी म्हटलं, आत त्याची बिस्किटं आहेत. तू ते मान्य केलंस, कारण तुला ते मान्य करायचं होतं. गेल्या तीन आठवड्यांत तू पुन्हा फिरकला नाहीस. जाकीट धुतलेलं नाही. ते त्याच पिशवीत, त्याच दोन गाठींत आहे.

हे तीन आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. भोवरा सकाळी उठला की कपाटासमोर. बसतो, कपाटाकडे बघतो, मान वळवून माझ्याकडे बघतो, पुन्हा कपाटाकडे. त्याचं काम झालेलं असतं, चेंडू माझ्या टेबलाच्या खणात असतो, आणि मी पाठ फिरवते. त्याला कळेना आपलं काय चुकलं. तो जास्त ताठ बसू लागला. मग जास्त वेळ. मग खाणं अर्ध्यावर आलं. सात वर्षं ज्याचं नाक एकदाही चुकलं नाही तो माझ्या दुकानात स्वतःवर शंका घ्यायला लागला. मी डोळ्यांवर कातडं ओढून मशीन चालवत होते.

मी तुला आयुष्यभर पाठीशी घातलंय. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, मी तेरा. बाबांच्या गिऱ्हाइकाचा लग्नाचा कोट तू कात्रीने कापलास, बाहुलीला शाल हवी म्हणून, आणि मी म्हटलं माझा हात घसरला. बाबांनी मला तीन महिने कात्रीला हात लावू दिला नाही. तू माझ्यामागे उभा राहून माझी वेणी धरून ठेवली होतीस आणि एक शब्द बोलला नाहीस. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट मिरवायचे मी मनात. परीक्षेला बसला नाहीस ते मी लपवलं, पहिली नोकरी सोडलीस ते मी लपवलं. तुझी सवय मीच बिघडवली. पण तेव्हा कोणाचे हात भाजले नव्हते.

तू का केलंस तेही मला कळतं असं वाटतं. आगीच्या आधीच्या महिन्यात तू एकदा जेवायला आला होतास आणि अन्न चिवडत होतास. म्हणालास, शाळेच्या खुर्च्यांचं लाकूड ओलं होतं, मी घाईत पास केलं, आता सांधे उघडतायत, प्रत्येक खुर्चीखाली माझा शिक्का आहे. पोरं बसतील आणि पडतील, आणि तपासणीवाले येणार आहेत. मी म्हटलं, जाऊन सांग मालकांना. तू म्हणालास, सांगतो. ते ऐकून मी तुला आणखी एक पोळी वाढली आणि विषय संपवला. तिथेच मी तुझा हात धरून तुला मालकांच्या दारात नेलं असतं तर, हे मी रोज स्वतःला विचारते. तुला वाटलं असणार सुट्टीचा दिवस, आत कोणी नाही, लाकूडच तर जळेल. कोणाला इजा करायचं तुझ्या मनात आलं नसणार, हे मला कोणी पटवून द्यायला नको. पण काका आत होते, आणि सोमवारी सकाळी तुला ते कळलं. त्यानंतर पाच आठवडे तू शेगडीला शेगडी म्हणू दिलंस. तुझा राग मला आगीचा नाही तेवढा त्या पाच आठवड्यांचा येतो.

परवा सोमवारी काका शेवटचे दोन शर्ट न्यायला आले. पट्ट्या निघाल्यात. बोटं मिटत नाहीत, तळहात गुलाबी आणि चकाकणारे. त्यांना मी नवा शर्ट घालून दाखवायला सांगितलं, त्यांनी मनगटांनी चिकटपट्टी दाबून लावली आणि लहान मुलासारखं माझ्याकडे बघितलं, जमलं म्हणून. मग म्हणाले, हा चांगला शर्ट शुक्रवारी घालतो, सहीला जायचंय. मी विचारलं, कसली सही? म्हणाले, शेगडी मीच चालू ठेवली असं लिहून द्यायचं. आधी मी म्हणत होतो बंद केली. पण सगळी शिकलेली माणसं म्हणतात चालू होती, तर असेल बाई. मलाच हल्ली आठवतं की चालू होती. आमची ही काय कमी त्रास काढतेय, तिला किती दिवस कचेऱ्यांत फिरवू. छोट्या, त्या माणसाला आता न केलेली चूक आठवायला लागली आहे. ते बोलत होते आणि भोवरा उठून कपाटाकडे गेला. बसला नाही. वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि परत येऊन मशीनखाली पडून राहिला. त्याने सोडून दिलं.

काका गेल्यावर मी दार लावलं, कपाट उघडलं, पिशवी जमिनीवर ठेवली आणि त्याला बोलावलं. बराच वेळ तो येईना. मग आला, दबकत, वास घेतला आणि मागचा पाय जरा सावरून बसला. मी त्याला चेंडू दिला. तो चेंडू तोंडात धरून माझ्या मांडीवर चढला, अठरा किलोचं धूड, आणि मी त्याच्या कानांत तोंड खुपसून रडले. आई गेल्यानंतर अशी रडले नव्हते.

आता पत्र का लिहिलं ते. काल मी काकांच्या घरी जाऊन त्यांना सांगून आले की शुक्रवारी मी येईपर्यंत कशावरही सही करायची नाही. का, ते सांगितलं नाही. बंबवाल्यांनाही दुकानातून भोवऱ्याला घेऊन दहा वाजता चौकशीच्या कचेरीत यायला सांगितलंय, त्यांनी काही विचारलं नाही, आणि त्यावरून मला वाटतं की त्यांना कळलंय. तुझं नाव अजून माझ्या तोंडून कुठेच गेलेलं नाही. साडेनऊला मी कचेरीच्या पायऱ्यांवर पिशवी घेऊन उभी असेन. तू आलास तर पिशवी तुझ्या हातात देईन आणि आत तू आधी बोलशील, खुर्च्यांपासून सगळं, तुझ्या शब्दांत. मी शेजारी बसेन आणि विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. दहा वाजेपर्यंत आला नाहीस तर पिशवी मी नेईन. भावाने स्वतः येऊन सांगितलं आणि बहिणीने पकडून दिलं यात किती अंतर आहे हे तुझ्या पोरीला मोठी झाल्यावर कळेल, आणि मला तिला पहिलंच सांगायचंय. म्हणून तुला हे दोन दिवस दिले. बायकोला उद्याच सांग, तिला दुसऱ्याकडून कळायला नको. पुढे जे होईल त्यात त्या दोघी माझ्याकडे राहतील, वरची खोली मी आज रिकामी केली आहे. तुझ्यावर माझी माया तसूभर कमी झालेली नाही, हेही लिहून ठेवते, कारण शुक्रवारी माझ्या चेहऱ्यावर ते दिसेलच असं नाही. येताना पोटभर जेवून ये, आत किती वेळ लागेल सांगता येत नाही.

तुझीच,
ताई